स्मरणार्थ सौरटेम्पो

मनुष्य नश्वर आहे, पण छताचा पंखा जोवर टिकतो तोवर त्याच्या पात्यावरचं नावही टिकतं. एवढ्या एका विचारावर आमचं ‘खान्देश बंधुभाव मंडळ, उधना’ गेली सव्वीस वर्षं उभं आहे. मंडळाच्या सभागृहात चौदा पंखे आहेत आणि त्यांच्या बेचाळीस पात्यांवर बेचाळीस दिवंगतांची नावं आहेत. पंखा फिरू लागला की नाव वाचता येत नाही, म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी पंखे बंद ठेवावेत असा ठराव फार पूर्वीच झालेला आहे. सुरतेच्या मे महिन्यात दोनशे माणसं घामाने निथळत, माना वर करून आपापले वडील वाचत बसलेली असतात. हे दृश्य ज्याने पाहिलं नाही त्याला संस्कृती कशाला म्हणतात ते कळणार नाही. मी या मंडळाचा अकरा वर्षं चिटणीस आहे.

परंतु पंख्याला तीनच पाती असतात आणि आमची माणसं काही मरायची थांबत नाहीत. जागेचा प्रश्न गंभीर होत चालला होता. अशा वेळी दगाभाऊंनी टेम्पो घेतला.

दगाभाऊ मूळचे एरंडोलकडचे. सुरतेत बावीस वर्षं कापडाच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, उभे राहिले आणि गुडघ्यांनी जवाब दिल्यावर घरी बसले. घर चालवलं ते प्रमिलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने. त्यांची मेस आहे. रोज दोनशे दहा डबे. डब्यात दोन कळण्याच्या भाकरी, भाजी, वरण-भात, ठेचा आणि गुरुवारी शेवभाजी. हे डबे उधन्यातल्या लूमच्या खात्यांत जातात (सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात, आणि त्यात आत गेलेल्या माणसाला बारा तासांनी बाहेर सोडतात). जेवणाची सुट्टी साडेबारा ते एक. एक वाजता लूम पुन्हा सुरू होतात आणि मग पोटात जे गेलं असेल त्यावर संध्याकाळी सातपर्यंत आठ लूम सांभाळायचे. डबा एकला आला काय आणि न आला काय, सारखंच. म्हणून डबा वेळेवर पोचणं हीच प्रमिलाबाईंची सगळी कमाई आणि सगळी अब्रू.

पूर्वी भाड्याची रिक्षा होती, ती आठवड्यातून दोनदा रुसायची. शेवटी नवराबायकोने विजेवर चालणारा छोटा पिकअप घेतला. पांढरा, धूर नाही, आवाज नाही. घरच्या प्लगवर चार्ज व्हायचा, अठरा किलोमीटरची फेरी करायचा आणि अर्ध्याहून जास्त बॅटरी शिल्लक ठेवून परत यायचा. सात महिन्यांत एकही डबा साडेबाराच्या पुढे गेला नाही. गाडीला कशाचीच कमतरता नव्हती. मंडळाच्या दृष्टीने ही चिंतेची बाब होती, कारण ज्याला काही कमी नाही त्याला मदत कशी करायची?

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. मंडळाचे अध्यक्ष रामदास आबा जातीने आले. आमच्याकडे अशा प्रसंगी टोपी, टॉवेल आणि नारळ देण्याची रीत आहे. आबांनी तीही पाळली, पण त्यांच्या मनात काहीतरी भव्य घोळत होतं. पूजा आटोपल्यावर त्यांनी जाहीर केलं की आपल्या कैलासवासी वडिलांच्या स्मरणार्थ ते या गाडीला एक सोलर पॅनल देत आहेत. टाळ्या झाल्या. दगाभाऊंनी हात जोडले. प्रमिलाबाईंनी विचारलं की गाडी घरी चार्ज होते, मग हे कशाला? पण तो प्रश्न टाळ्यांत बुडाला, आणि मी इतिवृत्त लिहीत असल्यामुळे मलाही तो ऐकू आला नाही.

पॅनल बसवायचं काम कुंदनकडे आलं. कुंदन हा दगाभाऊंचा भाचा. कतारगामात घरांच्या छतांवर सोलर बसवण्याचं काम करतो, त्यामुळे या विषयातलं त्याला थोडंफार कळतं, आणि हाच त्याचा दोष. त्याने सुचवलं की नाव पॅनलच्या खालच्या पट्टीवर बारीक अक्षरांत लिहावं. आबांनी हाताने वीतभराहून मोठं माप दाखवलं. मग पेंटर बोलावला आणि काळ्या काचेवर पिवळ्या ऑइलपेंटने अकरा इंची अक्षरांत नाव उतरलं: ‘कै. हिलाल झिपरू पाटील यांच्या स्मरणार्थ, मु. पो. ता. पारोळा, जि. जळगाव, ह. मु. उधना’. (कैलासवासी माणसाचा हल्ली मुक्काम लिहावा की नाही, यावर दीड तास चर्चा झाली. शेवटी पत्ता अपुरा दिसू नये म्हणून लिहिला.)

“आबा, सूर्य वाचत नही,” कुंदन म्हणाला. “काचेच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी आखी पॅनल बसून जाते.”

आबांनी त्याला समजावलं की सावली आणि स्मृती यांत फरक असतो.

आता दुसरी अडचण. पॅनल गाडीच्या डोक्यावर आडवं पडलेलं. नाव वाचायचं तर वाचकाने उड्डाणपुलावर उभं राहायला हवं, किंवा कावळा तरी व्हायला हवं. मंडळाने पॅनल उभं करण्याचा ठराव केला. कुंदनने पुन्हा तोंड उघडलं. पॅनलचं तोंड दक्षिणेला आणि वर हवं म्हणे. यावर मीच मुद्दा मांडला, आणि तो आजही माझ्या कारकिर्दीतला सर्वांत तर्कशुद्ध मुद्दा मानला जातो. गाडी फिरती आहे, सबब तिची दक्षिण दिशा कायम राहत नाही. रस्ता मात्र कायम शेजारीच असतो. सबब पॅनलचं तोंड रस्त्याकडे असावं. ठराव एकमताने मंजूर झाला.

आबांनी पॅनल दिलं म्हटल्यावर इतरांना गप्प बसणं शक्य नव्हतं. आबांच्या व्याह्यांनी आठ दिवसांत दुसरं दिलं, अक्षरं बारा इंची. तिसरं आणि पाचवं दोन चुलतभावांनी एकाच आजोबांच्या नावाने दिलं, कारण त्यांचं आपसात बोलणं नाही. चौथं पॅनल माझ्या वडिलांच्या नावाचं आहे, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. त्याची जागा मागच्या बाजूला आहे, पण अक्षरं ठसठशीत आहेत. सहावं देणारे पुण्यवान गृहस्थ अजून हयात आहेत. मुलांचा भरवसा नाही म्हणून त्यांनी आपलं नाव स्वतःच लिहून घेतलं आणि ‘कै.’पुरती जागा कोरी सोडली.

पॅनल आली म्हणजे त्यांना लागणारी सामग्रीही आली. संध्याकाळी नावं दिसावीत म्हणून प्रत्येकाभोवती रंगीत दिव्यांची माळ. दिव्यांना वीज पुरावी म्हणून जादा बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर. पुण्यतिथीला वर चढून हार घालता यावा म्हणून शिडी. हार घालायला आलेल्यांना तहान लागते म्हणून थंड पाण्याची टाकी. हार आला हे कळावं म्हणून आरती वाजवणारा भोंगा. आणि एवढ्या वस्तूंचं उद्घाटन कशावर कोरायचं म्हणून संगमरवरी कोनशिला. सांगाडा पंडितने केला. पंडित आमचा वेल्डर, भला माणूस. हलकं काम त्याच्या हातून होतच नाही. तापीला पूर आला तरी सांगाडा जागचा हलणार नाही, अशी त्याने हमी दिली. गाडीचं मुख्य काम हलण्याचं आहे, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

कुंदनने एक दिवस मीटर लावून तपासणी केली. त्याचे निष्कर्ष मंडळाच्या दप्तरी आहेत. एक स्वच्छ पॅनल, आडवं ठेवलं तर, दिवसभरात गाडी अकरा किलोमीटर चालवू शकतं. नाव लिहिल्यावर तीन किलोमीटर. उभं केल्यावर साडेचारशे मीटर. सहाही पॅनल मिळून पावणेतीन किलोमीटरपेक्षा कमी, आणि नावं उजळवणाऱ्या दिव्यांना लागते आठ किलोमीटरची वीज. तात्पर्य, सौरऊर्जा आल्यापासून गाडी घरच्या प्लगवर पूर्वीपेक्षा दीड तास जास्त लावावी लागते. (मंडळाच्या वार्षिक अहवालात हा आकडा ‘सौरऊर्जेमुळे वीजवापरात लक्षणीय बदल’ असा दिला आहे.)

वजनाचा तक्ता प्रमिलाबाईंनी मागितला म्हणून मीच केला. तो असा:

सहा पॅनल, १६८ किलो.
पंडितचा सांगाडा, २१५ किलो.
बॅटऱ्या व इन्व्हर्टर, १२० किलो.
शिडी, २२ किलो.
पाण्याची टाकी, भरलेली, ६० किलो (रिकामी ठेवणं अशुभ).
दिवे व वायरी, १८ किलो.
भोंगा, ९ किलो.
कोनशिला, १४ किलो.

एकूण सहाशे सव्वीस. गाडीची क्षमता चालक धरून सातशे. दगाभाऊ बासष्ट किलोचे. उरले बारा किलो, म्हणजे सव्वा-सव्वा किलोचे नऊ डबे, आणि जरा दाबून बसवला तर दहावा.

दोनशे दहाचे एकशे साठ, एकशे साठचे ब्याण्णव आणि ब्याण्णवचे दहा होईपर्यंत चार महिने गेले. प्रत्येक वेळी प्रमिलाबाई नवऱ्याला म्हणाल्या की आता पुरे, नाही म्हणा. दगाभाऊंचं उत्तर ठरलेलं होतं: “त्यासनी माले सुरत दखाडी. त्यासले नही कसं म्हनू?” हे खरंच होतं. आबांनी त्यांना पहिल्या लूमवर उभं केलं होतं, व्याह्यांनी खोली मिळवून दिली होती, चुलतभावांनी मुलीच्या लग्नात पंगतीला वाढलं होतं, आणि मी, लहान तोंडी मोठा घास, त्यांचं रेशनकार्ड करून दिलं होतं. परमुलखात माणसाला पाठीशी गाववाले लागतात. ते पाठीशी राहिले की काय होतं, हे दगाभाऊंच्या गाडीकडे पाहून कळतं. शिवाय आहेर परत करता येत नाही. टोपी आवडली नाही तरी ती डोक्यावरून काढून देणाऱ्याच्या हातात ठेवणारा माणूस आमच्यात अजून जन्मायचा आहे.

फेब्रुवारीच्या सभेत प्रमिलाबाई स्वतः आल्या. बायकांच्या बाजूला न बसता उभ्या राहिल्या. हाताला पीठ होतं.

“आबा, येक पॅनल उतारी द्या,” त्या म्हणाल्या. “कोनतंबी. माले नावसंगे भांडन नही, माले जागा जोयजे.”

सगळ्या माना वर पंख्यांकडे गेल्या. (पंखे बंद होतेच.) इतिवृत्तात मी लिहिलं: ‘एका भगिनीने मौलिक सूचना मांडली. तिचं स्वागत करण्यात आलं.’ आणि स्वागत खरंच झालं. एक पॅनल उतरवायला हवं यावर सहाही घराणी एका क्षणात सहमत झाली. असं मतैक्य मंडळाने सव्वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. राहता राहिला तपशील, की कोणतं. गुप्त मतदान घेतलं. प्रत्येक पॅनल उतरवण्याच्या बाजूने पाच मतं पडली आणि विरुद्ध एक. अशा रीतीने सहाही पॅनल प्रचंड बहुमताने उतरवायची ठरत होती, त्यामुळे सभा तहकूब करून चहा दिला. माझंही एक मत त्यात होतं. ते कुठे पडलं ते मी सांगणार नाही, पण प्रमिलाबाई माझ्यासमोरूनच घरी गेल्या आणि मला त्यांच्याकडे पाहवलं नाही.

मग मार्चमधला तो मंगळवार आला. त्या दिवशी हिलालबाबांची पुण्यतिथी होती. पुण्यतिथीला गाडी घराण्याच्या दाराशी हजर ठेवण्याची प्रथा एव्हाना पडली होती. तेव्हा सकाळी साडेअकराला दगाभाऊ गाडी घेऊन आबांच्या दाराशी. दहा डबे आत, पायाशी. बाकी दोनशे डबे मेसच्या ओट्यावर, कारण एरवी ते सकाळपासूनच दहा-दहा डब्यांच्या पंधरा फेऱ्या मारत, आणि असं धावतपळत कसंबसं दीडशेपर्यंत निभावत असत. कार्यक्रम बारापर्यंत आटोपेल असं आबा म्हणाले होते. शिडीवरून हार चढला, भोंगा वाजला, तीन भाषणं झाली. तिसरं माझं होतं. दगाभाऊ मध्ये दोनदा घड्याळाकडे बघून उठले आणि दोनदा कोणीतरी त्यांना हाताला धरून खाली बसवलं, की सत्कार तर तुमचाच आहे. त्यांना टोपी, टॉवेल आणि नारळ मिळून ते मोकळे झाले तेव्हा सव्वा वाजला होता.

प्रमिलाबाईंनी पाऊण वाजेपर्यंत वाट पाहिली. मग पिशव्यांत मावतील तेवढे डबे घेऊन धावत निघाल्या. चोवीस पोचले. एक वाजता लूम सुरू झाले. बाकीच्यांनी चहा-बिस्किटांवर पाळी पुढे ओढली. चारच्या सुमाराला वाल्मिक नावाचा कारागीर, सकाळी पाचपासून पोटात अन्न नसलेला, भोवळ येऊन चालू लूमवर कलंडला. डाव्या हाताला चौदा टाके पडले आणि दोन बोटं आता मिटत नाहीत.

मंडळ त्याला भेटायला दवाखान्यात गेलं. मोसंबी नेली. आबांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हे असं कसं झालं म्हणून विचारलं. वाल्मिक भिंतीकडे बघत होता.

“आबा, लूम लाईटवर चालस,” तो म्हणाला. “आम्ही डबावर चालतस.”

आबांचे डोळे भरून आले. मंडळाच्या पुढच्याच बैठकीत दोन निर्णय झाले. एक, अशा प्रसंगी तातडीने उपयोगी पडावी म्हणून गाडीला प्रथमोपचार पेटी बसवण्यात यावी (वजन साडेसहा किलो, दात्याचं नाव झाकणावर). दोन, वाल्मिकचं वाक्य फार अर्थपूर्ण असल्याने ते गाडीच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहावं. त्यासाठी रंग देणाऱ्याचं नाव वाक्याखाली आहे. वाल्मिकचं नाव लिहिलेलं नाही, कारण तो अजून हयात आहे आणि त्याने काही दिलेलं नाही.

पेटी बसवली त्या दिवसापासून दगाभाऊंनी डबे गाडीत ठेवणं बंद केलं. दोन टायर बसले ते कोणी बदलले नाहीत. गाडी आता मंडळाच्या फाटकाशी कायमची उभी आहे आणि सभागृहाच्या विजेवर रोज तिचे दिवे लागतात. मंडळाने तिला ‘हरित वाहन’ हा पुरस्कार दिला आहे (पुरस्कार मंडळाचाच आहे, निवड समितीही मंडळाचीच, चुरस मात्र नव्हती). दगाभाऊ दिवसभर शेजारी खुर्ची टाकून बसतात आणि धूळ बसली की फडक्याने काचा पुसतात. परवा त्यांनी माझ्या वडिलांचं नाव पुसत असताना मला विचारलं की चिटणीस, प्रमिला आज पोचली का वेळेवर? मला माहीत नव्हतं.

प्रमिलाबाईंनी भाजीवाल्याची जुनी लारी घेतली आहे, चार चाकांची ढकलगाडी. दोनशे दहाचे दीडशे डबे उरलेत. तेवढे त्या दोन खेपांत नेतात. वाटेत रेल्वेखालचं गरनाळं, म्हणजे रुळांखालून जाणारा खोलगट रस्ता, लागतो. आत उतरताना लारी आपोआप उतरते, पण बाहेरचा चढ एकट्या बाईला होत नाही. त्या बावन्न वर्षांच्या आहेत. रोज चढाच्या पायथ्याशी थांबून त्या येणाऱ्या-जाणाऱ्याची वाट बघतात आणि या थांबण्यात कधी दहा मिनिटं जातात, कधी वीस. वीस गेली की त्या दिवशी एका खात्यातली माणसं उपाशी. त्यांनी मंडळाकडे निरोप पाठवला की पॅनल राहू द्या तिथेच, पण गरनाळ्याच्या चढावर लारीला मागून हात लावायला रोज एक माणूस द्या. काम दहा मिनिटांचं.

मंडळाने या मागणीचा सहानुभूतीने विचार केला. मी स्वतः फलकावर दोन कागद शेजारी शेजारी लावले. पहिला, गाडीवर नवीन पॅनलसाठी प्रतीक्षायादी: तीन दिवसांत त्रेचाळीस नावं आली, दोन बारडोलीहून आणि एक थेट नंदुरबारहून. दुसरा, चढावर हात लावणाऱ्यांची यादी. खाली टीप लिहिली की या कामात नाव कुठेही लागणार नाही. आज सातवा आठवडा. कागद अजून कोरा आहे; माझंही नाव त्यावर नाही, कारण मला पाठीचा त्रास आहे.

वाचकहो, तुम्ही इथवर वाचलंत. आबांना हसलात, पंडितला हसलात, माझ्या वडिलांच्या अक्षरांनाही हसला असाल. पहिल्यापासून तुम्ही प्रमिलाबाईंच्याच बाजूने आहात, हे मला ठाऊक आहे. त्रेचाळीसही जण त्यांच्याच बाजूने आहेत, मी एकेकाला विचारलं आहे. तेव्हा उद्या पावणेबाराला गरनाळ्याच्या चढावर या. ओळख द्यायची गरज नाही, बाई विचारणार नाहीत.

नाही जमत? उधना लांब पडतं, दुपारची वेळ, ऊन आहे, मला कल्पना आहे. हरकत नाही. पॅनलच्या यादीत चव्वेचाळिसावी जागा मोकळी आहे, आणि तिच्यासाठी यावं लागत नाही. वडिलांचं पूर्ण नाव आणि अक्षरं किती इंची हवीत एवढं फोनवर सांगा, मी लिहून घेतो.